कर्बलाई खैरुल्लाच्या बाटल्या

कझवीनच्या बाजारात हवेला शिव्या घातल्याशिवाय कुणी दुकान उघडत नाही. उन्हाळ्यात धूळ, हिवाळ्यात डोंगरावरून उतरणारा वारा, आणि मधले दोन महिने बरे गेले तर लोक म्हणतात, हे काही फार टिकायचे नाही. माझ्या शेजारच्या गाळ्यात मात्र एक माणूस सव्वीस वर्षे बसला होता आणि त्याच्या तोंडून मी हवेबद्दल अवाक्षर ऐकले नव्हते. एका वर्षी तर माझ्या दुकानातली शाई बाटल्यांत गोठली. मी त्याच्या दारात जाऊन म्हणालो, "कर्बलाई, आज काही आपण वाचत नाही."

तो म्हणाला, "हं."

असा माणूस शेजारी असणे हा माझ्यासारख्या बोलक्याला मोठा कर्मभोग आहे. मी अस्कर, कागद आणि शाई विकतो. तो खैरुल्ला, करबलाची यात्रा केलेला म्हणून कर्बलाई; खुशनवीसांचे, म्हणजे सुंदर अक्षर काढणाऱ्यांचे, बोरू तासून देतो. मूळचा दक्षिणेकडच्या दिझफूलचा. बोरू तिथलाच, नदीकाठचा. जगात दुसरीकडचा बोरू चालत नाही असे आमचे उस्ताद लोक मानतात. कापून आणलेला बोरू शेणखतात पुरून ठेवायचा, महिनोन्‌महिने, म्हणजे तो तांबूस आणि टणक होतो. खैरुल्ला हे काम दुकानामागच्या बोळात करायचा. वास माझ्या दुकानात यायचा. मी भांडलो की म्हणायचा, "अक्षर बघताना नाही येत वास." हे त्याचे वर्षातले सगळ्यात लांब वाक्य.

स्वतःला मात्र अक्षर वाचता येत नव्हते. अलिफ म्हणजे उभी रेघ, एवढेच त्याला ठाऊक.

त्याची हकीकत त्याने मला एकदाच सांगितली, आणि तीसुद्धा मी खोदून खोदून विचारले म्हणून. इराकबरोबरच्या लढाईच्या दिवसांत तो पहाटे नदीवर बोरू कापायला गेला होता. परत आला तेव्हा त्याची गल्ली जाग्यावर नव्हती. क्षेपणास्त्र पडले होते. बायको आणि दोन मुली घरात होत्या. एवढे सांगून तो थांबला, चाकूची धार अंगठ्यावर बघितली आणि म्हणाला, "त्या वर्षी बोरू चांगला निघाला होता."

मला त्याचा इतका संताप आला की मी उठून घरी गेलो. बायकोला म्हणालो, हा माणूस आहे की दगड? मोनीर वाटाणे सोलत होती. म्हणाली, "तुम्ही त्याला आता परत काही विचारू नका." तोच बोरूचा भारा खांद्यावर टाकून तो कझवीनला आला होता, हे मला पुढे दुसऱ्याकडून कळले. त्यातले दोन बोरू अजून त्याच्या आढ्याला टांगलेले आहेत, न तासलेले.

एकदा तासताना त्याचे बोट चांगले खोल कापले. त्याला पत्ताच नाही. बोरू लाल झाला तेव्हा मीच ओरडलो. त्याने बोटाकडे बघितले, जणू कुणा गिऱ्हाइकाचे तासायला आलेले बोट आहे, आणि फडके गुंडाळून पुढचा बोरू घेतला.

पण कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बोरूचे टोक मधोमध चिरलेले असते. त्याच्या एका बाजूला आमच्याकडे माणसाळलेली म्हणतात आणि दुसरीला रानटी. कुणी लिहिताना एकीवर जोर देतो, कुणी दुसरीवर. झिजलेले बोरू पुन्हा तासायला आले की खैरुल्ला ते उजेडात धरायचा आणि त्याला हात दिसायचा. एका डॉक्टरला त्याने सांगितले होते, "तुमचं मनगट दुखतंय, दोन महिने झाले." डॉक्टर म्हणाला, "माझ्या बायकोला माहीत नाही ते तुला कसं माहीत?" खैरुल्ला म्हणाला, "हं."

आणि बाटल्या. त्याच्या फळीवर काचेच्या तीसेक बाटल्या होत्या, लोणच्याच्या, औषधाच्या, मिळतील तशा. प्रत्येक उस्तादाची एक. त्याच्या बोरूच्या ढलप्या त्या बाटलीत. नाव लिहिता येत नाही म्हणून गळ्याला रंगीत दोरा. पहिल्यांदा मी विचारले की हा कचरा कशाला जपतोस, तेव्हा तो म्हणाला, "ज्यानं आयुष्यभर बोरू झिजवला, त्याच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी त्याच्याच ढलप्यांवर तापवायचं."

"ही कुणाची रीत?"

"माझ्या बापाची."

कझवीनात कुणी ऐकली नव्हती. खुशनवीसांच्या मंडळात आधी लोक हसले. मग एकेक म्हातारा गुपचूप त्याच्याकडे बोरू पाठवू लागला. मरणाची तयारी अशी स्वस्तात होत असेल तर कुणाला नको आहे? माझ्या डोळ्यांदेखत पाच बाटल्या जळाल्या. कबरस्तानातल्या प्रेत धुण्याच्या जागेला हल्ली नळाला गरम पाणी असते, तरी बाहेर अंगणात शेगडी पेटवून एक तांब्या पाणी ढलप्यांवर तापवतात आणि शेवटी ते ओततात.

सगळ्यात मोठी बाटली हिरव्या दोऱ्याची, उस्ताद बहाउद्दीन केशावर्ज यांची. कझवीनात ज्याला थोडेफार लिहिता येते तो त्यांचा शिष्य, नाहीतर शिष्याचा शिष्य. स्वभावाने तापट, स्तुतीला कंजूस. त्यांची मुलगी तूबा मुलींच्या शाळेत शिकवायची, लग्न केले नाही, आणि वयाच्या अठराव्या वर्षापासून बापापुढे बसून कित्ता गिरवत होती. तीस वर्षे कागद तिने माझ्याकडून नेला. आमच्यात गुरूने परवानगी दिल्याशिवाय शिष्य ओळीखाली आपले नाव घालत नाही. उस्तादांनी पोरवयाच्या मुलांना परवानगी दिली, तूबाला दिली नाही. विचारले की म्हणायचे, "अक्षर आहे. दम नाही."

तूबा मुकाट्याने पुन्हा गिरवायला बसायची. तिचे कागद मी पाहिले आहेत. प्रत्येक ओळीच्या खाली कोपऱ्यात दोन बोटे जागा ती कोरी सोडायची. नावाची जागा. एकदा मी चेष्टेने म्हणालो, "तूबा खानुम, एवढा कोपरा फुकट घालवता, मला परत द्या, मी त्याच्या चिठ्ठ्या करीन." ती हसली नाही. त्यानंतर मी ती चेष्टा केली नाही.

सात वर्षांपूर्वी उस्तादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. घरच्यांनी सांगितले, हात सुधारतोय. सहा महिन्यांनी खरोखरच नवीन काम बाहेर आले, आणि मंडळात गलका झाला. असे अक्षर उस्तादांनी पूर्वी कधी लिहिले नव्हते. मऊ, सुटे, जिथे श्वास घ्यायचा तिथे घेतलेला. मंडळाचे अध्यक्ष मुईनी आगा माझ्या दुकानात बसून सांगत होते, "सत्तरीत हात पिकला बघ. आधी नुसतं लिहायचे, आता गातात." त्यात सगळ्यात गाजली ती एका शेराची मोठी पाटी. शेर कुणाचा ते ठाऊक नाही. उस्तादांची आई पीठ मळताना म्हणायची म्हणे.

जाताना तू दार लोटलेस, कडी मात्र घातली नाहीस;
तेव्हापासून वारा या घरात विचारून येत नाही.

त्याच महिन्यात मी खैरुल्लाच्या फळीवर एक नवी बाटली पाहिली. गळ्याला दोरा नाही.

"ही कुणाची?"

"उस्तादांच्या घरची."

"त्यांची तर हिरव्या दोऱ्याची आहे."

त्याने एक झिजलेला बोरू माझ्या हातात दिला. मला त्यात काय कळणार? "उस्ताद रानटी बाजू झिजवायचे," तो म्हणाला. "ही माणसाळलेली झिजलीय. हात बदललाय."

मी दार लोटून घेतले आणि म्हणालो, "गप्प बस. हे बाहेर गेलं तर म्हाताऱ्याच्या नावाला काळं फासतील. आणि तूबाला कोण विचारणार? म्हणतील, बापाची नक्कल केली."

"मी कुठे बोलतोय?" तो म्हणाला. खरेच होते. तो कधी बोलतच नव्हता.

मग मला सगळे नीट दिसू लागले. बोरू घेऊन तूबाच येते. कागद तीच नेते. उस्ताद लिहिताना आता कुणाला खोलीत बसू देत नाहीत. आणि त्या पाट्यांवर खाली कोपऱ्यात 'लिहिणारा बहाउद्दीन' असते, तेही तिनेच लिहिलेले. वर्षानुवर्षे जी दोन बोटे जागा राखली, तिथे ती बापाचे नाव घालत होती. मुईनी आगा तिच्याच घरी बसून पिकलेल्या हाताचे गोडवे गायचे आणि ती त्यांच्यापुढे चहा ठेवायची. मला ते सहन व्हायचे नाही, पण बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय.

वर्षभराने तूबाच्या नजरेस ती बाटली पडली. मी तिथेच होतो. तिने विचारले, "कर्बलाई, ही दोऱ्याविना कुणाची?"

"तुमची."

तिने दाराबाहेर कुणी आहे का ते बघितले. मग तिने विचारले, "कुणाला बोललात?"

"अस्करला. त्याला कोणी मोजत नाही."

माझ्याकडे तिने बघितलेसुद्धा नाही. "बाबांच्या बाटलीत घालत जा," ती म्हणाली. "ते समोर बसून सांगतात, मी लिहिते. त्यांचंच आहे सगळं." तिचा आवाज सरळ होता. शाळेत हजेरी घेतल्यासारखा.

"त्यांनी परवानगी दिली?" खैरुल्लाने विचारले. त्याने कुणाला आपणहून काही विचारलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

"नाही," ती म्हणाली. "म्हणतात, माझ्या नावाखाली आहेस तोवर दम आहे."

तो म्हणाला, "हं," आणि ढलप्या दोऱ्याविनाच्या बाटलीतच टाकत राहिला. पुढची सगळी वर्षे.

गेल्या शरदात, गुरुवारी पहाटे, उस्ताद गेले. परवानगी न देताच. सकाळी तूबा काळी चादर पांघरून बाजारात आली. डोळे कोरडे होते. आम्ही सांत्वनाचे जे बोलायचे ते बोललो. तिने ते ऐकले की नाही कोण जाणे. खैरुल्लाला म्हणाली, "दोन्ही बाटल्या आणा, कर्बलाई. दोन्ही बाबांच्या पाण्याखाली घाला. आता संपू दे."

"हं," तो म्हणाला.

मी तिच्यामागे दोन पावले गेलो. "तूबा खानुम, दोन्ही जळाल्या की पुरावा काही उरणार नाही."

"कशाचा पुरावा, अस्कर आगा?" ती म्हणाली. तेवढ्यावर मी परत फिरलो.

धुण्याच्या जागेच्या अंगणात चाळीसएक माणसे होती, बहुतेक सगळी लिहिणारी. बायका भिंतीकडच्या बाजूला. आत उस्तादांना धूत होते. मुईनी आगांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले की मंडळ एक कायमचे दालन करणार, उस्तादांच्या शेवटच्या सात वर्षांच्या कामाचे. त्या पाट्यांवर पितळेच्या पट्ट्या बसतील, नावासकट. लोकांनी माना हलवल्या. तूबानेही हलवली. मला वाटले, झाले. पितळ बसले की बसले.

खैरुल्ला दोन्ही बाटल्या घेऊन शेगडीपाशी उकिडवा बसला. हिरव्या दोऱ्याची बाटली त्याने निखाऱ्यांवर उपडी केली. जुना बोरू छान पेटतो. तांब्या ठेवला. दुसरी बाटली तशीच मांडीजवळ.

"तीही घाल," मुईनी आगा म्हणाले. "एवढ्यानं पाणी कसं तापेल?"

"ही त्यांची नाही."

"म्हणजे? दोन्ही उस्तादांच्या घरच्या ना?"

"ही तूबा खानुमची. सात वर्षांची."

चाळीस लिहिणारी माणसे, सात हा आकडा कळायला त्यांना कितीसा वेळ लागणार? बायकांतून तूबा पुढे आली. ती हळू आवाजात म्हणाली, "कर्बलाई, मी काय सांगितलं होतं?"

"जित्या माणसाच्या ढलप्या मेलेल्याच्या पाण्याखाली घालत नाहीत."

"ही रीत तुमच्या वडलांची का?"

"नाही," तो म्हणाला. "ही माझी."

मग तो बोलला. तांब्याकडे बघत, बोरूचा भाव सांगावा तशा आवाजात. "आमच्याकडे तिघींना एकत्रच पुरलं. वेगळं करता येईना. दगड एक, त्यावर नाव एकच, माझ्या बायकोचं. लोक म्हणाले, आई आहे, तिच्या नावात पोरी आल्याच. थोरली नऊ वर्षांची होती. तिला तिचं नाव लिहिता यायचं, मला यायचं नाही." त्याने निखारा सारखा केला. "एकदा मिसळलं तेव्हा मी काही बोललो नाही. आता मिसळणार नाही."

मी त्याला दगड म्हणालो होतो. त्या अंगणात मला स्वतःची लाज वाटली, आणि मी रडलो, हे कबूल करतो. खैरुल्ला रडला नाही. तांब्यातल्या पाण्यावर वाफ आली तेव्हा त्याने तो फडक्याने धरून आत नेऊन दिला.

परत आला तेव्हा तूबा शेगडीपाशी तशीच उभी होती, ती बाटली हातात घेऊन. तिने ती उजेडाकडे धरली.

"यात माझं पाणी तापेल?" तिने विचारले.

खैरुल्लाने बाटलीकडे नीट बघितले, गिऱ्हाइकाला सांगायचे तसे खरे सांगायला. "नाही," तो म्हणाला. "कोमट होईल. अजून लिहावं लागेल."

तेव्हा कुठे तूबाच्या तोंडून आवाज फुटला, आणि बायकांनी तिला सावरून बाजूला नेले.

मंडळात पुढे खूप वाद झाले. कुणी म्हणाले आम्हाला आधीच संशय होता. असे म्हणणारे उंटावरचे शहाणे बारा निघाले, मी मोजले. दालन अजून झालेले नाही, पितळेच्या पट्ट्या कुठेतरी पडून आहेत. पण चाळिसावा दिवस झाल्यावर मुईनी आगा स्वतः तूबाकडे गेले आणि म्हणाले, कबरीवरची ओळ तुम्ही लिहा. बाकी काही बोलायचे त्यांना धाडस झाले नाही. तिने आजीचाच शेर लिहिला.

दगड बसवला त्या दिवशी सकाळपासून बर्फ भुरभुरत होते. मी आणि खैरुल्ला बसने गेलो. तूबा आधीच येऊन गेली होती. दगडावर गुलाबपाणी शिंपडलेले होते आणि ते कडेने गोठू लागले होते. मी त्याला शेर वाचून दाखवला. पूर्वी एकदा त्या पाटीवरचाही मीच वाचून दाखवला होता. तेव्हा त्याने तासणे थांबवले नव्हते. आता तो वाकला. खाली कोपऱ्यात, दोन बोटे जागेत, बारीक कोरलेले होते.

"इथे काय आहे?"

"तूबा."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने हातमोजा काढला आणि कोरलेल्या अक्षरावरून बोट फिरवले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मग पुन्हा सुरुवातीपासून. बराच वेळ. मी काही बोललो नाही, माझ्यासाठी ते नवीनच होते.

मग तो उठला, दोन्ही हात बगलेत घातले. त्याचे दात वाजत होते.

"अस्कर," तो म्हणाला, "थंडी फार आहे रे."